ग्रँडमास्टर वीस चाली पुढचं बघतो म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: नवशिक्या एक चाल पुढचं बघतो आणि ग्रँडमास्टर वीस, कारण त्याची मेमरी फोटोग्राफिक असते, म्हणून तो चुकतच नाही. खाली आयुष्यात पण असंच दूरचं बघा वगैरे डोस आहेच, तो सोडून देऊ, चेसपुरतं बोलू.

आधी वीस चाली. आद्रियान द ग्रूट नावाचा डच सायकॉलॉजिस्ट होता, स्वतः ऑलिम्पियाड खेळलेला, त्याने ग्रँडमास्टर्सना आणि बऱ्यापैकी खेळणाऱ्यांना एकच पोझिशन दिली आणि डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलायला सांगितलं. १९४६ च्या त्याच्या थिसिसमध्ये आलं की ग्रँडमास्टर इतरांपेक्षा काही फार खोल, म्हणजे फार पुढच्या चालींपर्यंत, जात नव्हते. नंतरच्या संशोधकांना किती खोल जातात यात थोडा फरक सापडला, पण वीस विरुद्ध एक असलं काही नाही. ग्रँडमास्टर बघायचे थोड्याच चाली, फक्त बघण्यासारख्या.

आणि नवशिक्या एकच चाल बघतो हे तर साफ चूक! राजासमोरचं प्यादं, मग वजीर एच५ (ही पटावरच्या घरांची नावं), उंट सी४, वजिराने एफ७ वर मात, चार चालींचा प्लॅन पहिल्या दिवसापासून तयार असतो की राव. गोची अशी की त्यात समोरच्याच्या चाली पण हाच ठरवतो, आणि त्या सगळ्या याच्याच सोयीच्या. समोरच्याने आधी घोडा सी६ ला आणला आणि मग प्यादं जी६ ला सरकवलं की वजीर पळत सुटतो. मुरलेला खेळाडू आपली चाल आवडली तरी लगेच खेळत नाही, ती पाडायला समोरचा काय करेल ते आधी शोधतो.

फोटोग्राफिक मेमरीचं म्हणाल तर चेस आणि सायमन यांनी (हो, संशोधकाचं आडनावच चेस) १९७३ मध्ये ती टेस्ट केली. पट पाच सेकंद दाखवायचा आणि आठवून मांडायला लावायचं. खऱ्या डावातली पोझिशन असेल तर मास्टर साधारण सोळा मोहरी बरोबर मांडायचा, नवशिक्या चार. पण तीच मोहरी कशीही विस्कटून ठेवली की मास्टरची आघाडी जवळपास गायब. फोटो काढणाऱ्या डोक्याला काय फरक पडला असता? मास्टरला सुटी मोहरी दिसत नाहीत, कॅसलिंग केलेला (हत्तीसोबत एकाच चालीत कोपऱ्याकडे सरकवलेला) राजा आणि त्यापुढची प्यादी हा त्याला एकच ठोकळा दिसतो.

राहिलं चुकत नाही ते. २००६, बॉन, वर्ल्ड चॅम्पियन क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ हा कॉम्प्युटर प्रोग्राम, दुसरा गेम. क्रामनिकने वजीर ई३ ला नेला आणि पुढच्याच चालीला फ्रिट्झने त्याच्यावर एच७ वर मात केली. एका चालीतली! त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात की समोरच्याच्या एफ८ वरच्या घोड्याच्या जोरावर एच७ वर वजिराची मात डावांत फारशी येतच नाही, म्हणून ती त्याच्या डोळ्यात भरली नाही.