चहाच्या चोथ्याने जास्वंद फुलत नाही

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि भिशीच्या. "गॅलरीत बारा महिने फुलं हवीत? करा हे पाच उपाय." चहाचा चोथा रोज घाला, अंड्याची टरफलं चुरून घाला, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, मोगऱ्याला कात्री लावू नका, आणि कुंडी जमेल तेवढी मोठी घ्या, म्हणजे कुठलंही फुलझाड कुठल्याही गॅलरीत फुलतं म्हणे. मी ठाण्यात वीस वर्षं गॅलरीतच झाडं लावतेय, आता वसंत विहारला चौथ्या मजल्यावर, आणि यातला एकही उपाय जसाच्या तसा बरोबर नाहीये. लिहायला बसले कारण शेजारच्या काकूंची भरगच्च जास्वंद याच उपायांनी गेली, आणि त्या बिचाऱ्या अगदी मनापासून करत होत्या सगळं.

चोथ्याचंच आधी. त्यात थोडा नायट्रोजन असतो हे खरं, पण तो कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही आणि मिळाला तरी त्याने पानं वाढतात, फुलं नाही. शिवाय आपण चहा दूध-साखर घालून उकळतो. काकूंची कुंडी मी जवळून बघितली, मातीवर चोथ्याचा थर, त्यावर पांढरी बुरशी, हात लावला की बारीक माश्या उडायच्या, आणि मुंग्यांची रांग खोडावरून थेट शेंड्यापर्यंत. शेंड्याला कापसासारखा मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड. मुंग्या त्याला खात नाहीत, उलट जपतात, त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. चोथा टाकवत नसेल तर धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाका. आणि मिलीबग दिसला की आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला, तीनदा तरी.

टरफलं म्हणजे चुन्याचाच प्रकार, कुंडीत विरघळायला खूप काळ लागतो, त्याने या महिन्यात कळ्या गळायच्या थांबतील असं होत नाही. कळ्या गळतात त्या बहुतेक वेळा किडीने नाहीतर पाण्याच्या ओढाताणीने. आणि अनंत, एक्झोरा यांना तर आंबट मातीच लागते, आणि चुन्याने तर आंबटपणा कमी होतो, तिथे चुना कशाला.

पाणी दोन वेळा, हा सगळ्यात घातक सल्ला. मेच्या उन्हात छोट्या कुंडीला लागेलही, पण आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा ओली, माती दिवसेंदिवस सुकत नाही, त्यात वरून तांब्याभर पाणी म्हणजे मुळांना हवाच नाही, ती कुजतात, मग पानं मलूल होतात आणि आपण म्हणतो अगं पाणी कमी पडलं वाटतं, की अजून एक तांब्या. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही, एवढंच. खालच्या ताटलीतलं पाणी पण ओतून द्या, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

आता मोगरा, इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण कात्री न लावल्यामुळे किती घरात मोगरा नुसता वेलासारखा वाढून बसलाय. मोगऱ्याला फूल येतं ते नवीन फुटव्याच्या शेंड्याला. जुनी फांदी जपून ठेवलीत तर फुलणार काय? माझ्या सासूबाई डिसेंबरपासून पाणी कमी करायच्या, जानेवारीच्या शेवटी सगळ्या फांद्या निम्म्यावर कापायच्या, उरलेली पानं हातानेच ओरबाडून काढायच्या, झाड अगदी काटक्या दिसायचं. मग वरची माती उकरून दोन मुठी शेणखत आणि पाणी. पंधरा-वीस दिवसांत डोळ्या-डोळ्यातून कोवळी पोपटी फूट, आणि मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक शेंड्याला कळ्यांचा झुबका. बहर संपला की तो शेंडा परत खुडायचा, पुन्हा फूट, पुन्हा कळ्या. जास्वंदही नव्या फुटीवरच फुलते, तिलाही कात्री हवीच.

मोठ्या कुंडीचं थोडक्यात, छोट्या रोपाला ढब्बू कुंडी दिली की मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. बोगनवेल तर मुळं जरा आवळलेली असतील आणि पाण्याची ओढ असेल तेव्हाच रंगते.

आणि मेसेजमध्ये उन्हाबद्दल एक शब्द नाही! फूल ठरतं उन्हावर. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबमुळे तेव्हा ऊन जवळजवळ नाहीच, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र पार हॉलमध्ये येतं. म्हणजे दक्षिणेला हिवाळ्यात फुलणारी बोगनवेल चालते, अडेनियमही, फक्त त्याला पावसात आत घ्या, नाहीतर बुंधा सडतो. पूर्व-पश्चिमेला मोगरा, जास्वंद. उत्तरेला तगर, अबोली, आणि सोनटक्का, त्याला ओल आणि सावली दोन्ही आवडतात आणि फुलतोही पावसाळ्यात. नर्सरीत जायच्या आधी एक अख्खा रविवार गॅलरीत ऊन कुठून कुठपर्यंत जातं ते खडूने मार्क करा.

काकूंची गॅलरी पूर्वेची आहे. नर्सरीतल्या मोठ्या फुलाच्या हायब्रिडपेक्षा आपली गावठी लाल जास्वंद दमट हवेत जास्त तग धरते, तिच्या तीन फांद्या मी त्यांना जूनमध्ये लावून देणारे.