मावशींनाही प्रशिक्षणाला बोलवा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा गेली ५७ च्या वर. वाळवा तालुक्यातलं आमचं गावही पाण्यात होतं. शाळा परत भरली तेव्हा माझ्या तिसरीच्या वर्गात एक पोरगं होतं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ते गुपचूप दप्तर भरायचं. वह्या, डबा, वर चपलासुद्धा पिशवीत.

मी त्याला दोनदा रागावले. "शाळा सुटलेली नाही, बस खाली." बसायचा बिचारा, पण दप्तर छातीशी धरून.

तिसऱ्या वेळी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी दारातून हे पाहिलं. हात पदराला पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "चल बाळा, पानी कुठवर आलंय बघून येऊ." त्याला पायरीपर्यंत नेलं, खालच्या पायरीला हात लावायला लावला. "वली हाय, पर पानी न्हाई. घंटा झाली की परत बघू." मग पाऊस असेल त्या दिवशी दर घंटेला दोघं पायरी बघून यायचे. पंधराएक दिवसांनी दप्तर खाली राहायला लागलं.

माझं डी.एड. झालंय, आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद होते, तिला मी न चुकता जाते. पण घाबरलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे जेवणानंतरच्या अर्ध्या तासात 'मुलांचे मानसिक आरोग्य' पडद्यावर दाखवतात, आम्ही सह्या करतो, संपलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी करतं. काय करू नये ते त्यात आहे. काय करावं, ते सरावानेच येतं.

२०२० पासून केंद्र सरकारच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना तयार करायचं ठरलंय, विषयांत भावनिक आरोग्यही आहे. चांगलंच आहे. पण त्याचा भर सहावीपासून पुढच्या वर्गांवर. आमच्या चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेचं काय? आणि मूल मनातलं सांगायला बाईंकडेच येईल असं थोडंच आहे? ते मावशींना सांगतं, हायस्कुलात शिपाईमामांना, रिक्षावाल्या काकांना.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की शाळेत वावरणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रशिक्षण द्या. पडदा नको. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं, चुकलं की पुन्हा. सगळ्या वर्गासमोर "काय झालं रे?" विचारायचं नाही. ऐकलेलं पोषण आहाराच्या चुलीपाशी चघळायचं नाही. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही, कारण लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मावशींना हे कुणी सांगितलंय? उद्या एखादी पोर त्यांच्या पदरात तोंड खुपसून काही बोलली, तर त्या माऊलीने काय करायचं? मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन्ही नंबर तरी स्वयंपाकखोलीच्या दारावर लिहिलेले हवेत. आमच्याकडे मी परवा खडूने लिहिले, आता रंगाने लिहून घेणार आहे.

आम्हाला कुणी समुपदेशक करा असं मी म्हणत नाही. ते काम शिकलेल्या माणसाचंच. पण त्याच्यापर्यंत मूल पोहोचेपर्यंत मधे आम्हीच असतो.

पुढच्या शिक्षण परिषदेला मावशींना सोबत न्यायचं मी केंद्रप्रमुखांशी बोलले आहे, ते हो म्हणाले. त्या दिवशी खिचडी कोण शिजवणार, तेवढं ठरायचं राहिलंय. बचत गटातल्या कुणाला जमत असेल तर सांगा.