तोंडबंद आंदोलन

नाशिकमध्ये माणसाने उपाशी राहायचं ठरवलं तरी जमत नाही. रविवारी सकाळी मिसळीच्या दारात गाडी लावायला जागा मिळत नाही, संध्याकाळी कॉलेज रोडवरून काही न खाता घरी येण्याला संयम लागतो, आणि उन्हाळा जवळ आला की दिंडोरी-निफाडकडचा एखादा पाहुणा द्राक्षांची पेटी दारात ठेवून जातोच. अशा शहरातला सगळ्यात कमी जेवणारा नागरिक माझ्याच घरात राहतो. वय वर्षे दोन. नातं, नात.

मुलगा आणि सूनबाई दिवसभर नोकरीवर, म्हणून दुपारी तिला जेवू घालायचं खातं निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर बँकेत थकीत कर्जांची वसुली केली. पण कर्जदार निदान तोंड तरी उघडायचे.

त्यातून नियम कडक. सूनबाईंनी फ्रिजवर कागद लावलाय: जेवताना मोबाइल नाही, बळजबरी नाही, चॉकलेटची लाच नाही. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते पोरीने. हे एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं तत्त्व म्हणे. तत्त्व चांगलंच आहे. फक्त ते पाळताना शेजारच्या खुर्चीवर आजी बसलेली नसावी.

"अहो, नुसते बघत काय बसलात? भरवा की! डोळ्यांदेखत वाळत चाललीय पोर."

मग काऊचा घास, चिऊचा घास सुरू होतो. आता, ज्या गावात लोक रामकुंडावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत ताटकळतात, तिथे जेवत्या ताटाशी कावळ्याला बोलवावं का, असा प्रश्न मला पडतो. हिच्यापुढे मी तो काढत नाही. अवस्था मात्र थेट तीच. कावळा शिवेना की तिथे नातेवाईक हात जोडून एकेक कबूल करत जातात: धाकट्याचं लग्न करू, घराची वाटणी नीट करू. मीही चमचा धरून कबूल करत जातो: बागेत नेईन, भूभू दाखवीन, स्कूटरवर पुढे उभी करीन. भात शिवत नाही.

शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं, वाढीच्या तक्त्यावर टिंब काढलं आणि शांतपणे म्हणाले, "उत्तम आहे." हिला हे निदान अजिबात आवडलं नाही. त्यांनी समजावलं, की पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरतो, तशी भूकही उतरते. "मग जेवणाआधी काही देता का?" त्यांनी विचारलं. ही छताकडे बघू लागली.

जेवणाआधी काही नाही. फक्त अकराला पेलाभर दूध, 'तेवढंच पोटात'. त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंचं एक बिस्किट. शिवाय माझ्या चहाच्या वेळी बशीतला एक घोट, तो कोण देतं यावर घरात एकमत नाही. डॉक्टरांनी सगळ्याचा निकाल लावला. या वयात दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. त्याहून जास्त गेलं की पोट दुधानेच भरतं, जेवण राहतं आणि रक्तातलं लोह कमी पडतं. चहा तर जेवणातलं लोह अंगी लागूच देत नाही, तो मुलांना नकोच. त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. अकराचा पेला बंद झाल्यावर पोरगी एक वाजता चक्क स्वतःहून खुर्चीत चढली. ही दोन दिवस डॉक्टरांचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जायची.

द्राक्षांचं प्रकरण वेगळं. आख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं लहान मुलाच्या श्वासनलिकेत बूच बसेल एवढं. म्हणून पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच द्यायचं. आडवं कापून चालत नाही, ते गोलच राहतं. इथे माझी चेष्टा नाही. हा नियम मी घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवतो. पण ज्या जिल्ह्याची द्राक्षं कंटेनर भरभरून युरोपात जातात, तिथला एक म्हातारा चष्मा नाकावर ओढून एकेका मण्याच्या चार फोडी करत बसलाय, हे बघून पेटी देणारा पाहुणा म्हणाला, "काका, या हिशोबाने आमचा प्लॉट संपायला तुम्हाला पुढचं कुंभ लागेल."

पेठ-सुरगाण्याकडची नागलीही आणली. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातलं बरंचसं सध्या माझ्या सदऱ्याला मिळतं. स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडलं तरी चालेल, असं कागदावर लिहिलंय. कागद लिहिणारी माणसं त्या वेळी ऑफिसात असतात.

आणि मग भोपळा. नवी भाजी मूल पहिल्यांदा नाकारणारच. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, न रागावता थोडी थोडी समोर ठेवत राहायची. शिवाय मोठ्यांनी तीच भाजी आवडीने खाऊन दाखवायची. लाल भोपळा मी जन्मात आवडीने खाल्लेला नाही. तरी रोज दुपारी नातीसमोर बसून "वा! वा!" म्हणत खाऊ लागलो. ती माझ्याकडे अशी बघायची, जसा मी खोटी सही ओळखताना कर्जदाराकडे बघायचो.

परवा तिने माझ्या ताटात हात घातला, एक फोड उचलली, चावली आणि दुसरी मागितली. घरात दिवाळी. मुलाने ऑफिसातून व्हिडिओ कॉल केला. हिने लगेच भाजीबाजारातून अख्खा भोपळा आणवला. संध्याकाळी थालीपीठ, दुसऱ्या दिवशी सकाळी घारगे, दुपारी भाजी.

भाजी समोर येताच पोरीने तोंड मिटलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

उरलेला भोपळा कोणी संपवायचा यावर रात्री मतदान झालं. विरोधात मी एकटाच होतो.