‘एक क्यूब आला की सगळे आले’ म्हणे!

रूबिकच्या क्यूबची आणि तसल्या कोड्यांची खिल्ली उडवणारा तो मजकूर पुन्हा आला. या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि दर वेळी पाठवणाऱ्यानं खाली डोळा मारणारं चिन्ह टाकलेलं. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश: ‘क्यूब सोडवणं म्हणजे फॉर्म्युल्यांची पोपटपंची. एक आला की सगळे आले, बाकीचे वेडेवाकडे आकार म्हणजे त्याच क्यूबला चढवलेले मुखवटे. तसंही कुठलंही कोडं २० चालींत सुटतं हे सिद्ध झालंय, ॲप सोडवून देतं. आकार जितका विचित्र तितकी मालकाची मिजास मोठी. आणि शेवटी सगळं कपाटात धूळ खातं.’

माझ्या कपाटात असे चाळीसेक मुखवटे आहेत, तेव्हा उत्तर देणं भागच आहे.

मुखवट्यांपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे लिहिणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. मिरर क्यूब घ्या. सगळा एकाच रंगाचा, फक्त तुकड्यांची जाडी वेगवेगळी. आत यंत्रणा थ्री बाय थ्रीचीच, म्हणजे दर बाजूला तीन गुणिले तीन तुकडे असलेल्या साध्या क्यूबचीच. ज्याला साधा क्यूब येतो त्याला हा तासाभरात येतो. बोटांना जाडी ओळखायची सवय लागली की झालं. मान्य.

पण फिशर क्यूबही आतून थ्री बाय थ्रीच आहे, आणि त्यानं मला चार दिवस रडवलं. टोनी फिशर या ब्रिटिश कारागिराची ही करामत. बाहेरचा घन आतल्या यंत्रणेच्या मानानं ४५ अंशांत वळवलेला, बस, एवढंच. पण त्यामुळे वरच्या थरात कोपऱ्यासारखा दिसणारा तुकडा असतो खरं तर कडेचा, आणि कडेसारखा दिसणारा असतो कोपऱ्याचा. मधल्या थरात आणखी गंमत: तिथले कडेचे तुकडे एकाच रंगाचे, चक्क मधल्या तुकड्यांसारखे दिसतात. असा तुकडा जागच्या जागी उलटा बसला तर कुठूनही कळत नाही. तुम्ही निर्धास्तपणे वर सरकता, शेवटचा थर लावता, आणि अगदी शेवटी एकच तुकडा उलटा उरतो. साध्या क्यूबवर हे कधीच होऊ शकत नाही. मला वाटलं तुकडा निसटून उलटा बसलाय. सगळा क्यूब उघडून पुन्हा जोडला. चूक तीन पायऱ्या खाली, मधल्या थरात, सरळ चेहऱ्यानं बसली होती. सूत्र, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, पाठ होतंच, पण कोणतं सूत्र कुणाला लावायचं हे सांगणारी खूणच गायब होती.

आणि हे झालं नात्यातल्या क्यूबांचं. स्क्वेअर-वन नावाच्या कोड्याशी तर थ्री बाय थ्रीचं दूरचंही नातं नाही. त्याच्या वरच्या-खालच्या थरांत दोन तऱ्हेचे तुकडे: कोपरे ६० अंशांचे, कडा ३० अंशांच्या. चार कोपरे, चार कडा, बेरीज ३६०. पण सहा कोपरेही ३६० भरतात, आणि दोन कोपरे नि आठ कडाही. म्हणून हा विस्कटला की घनच राहत नाही. एका थरात सहा कोपरे आणि दुसऱ्यात उरलेलं सगळं, असंही होतं. शिवाय उभा काप सरळ रेषेत आला नसेल तर तो फिरतच नाही. इथे पहिलं काम रंग जुळवणं नसून आधी घन परत आणणं हे असतं. ‘एक आला की सगळे आले’ म्हणणाऱ्याच्या हातात मी हाच देतो.

आता पोपटपंची. वेगानं सोडवणारे शेकडो सूत्रं घोकतात हे खरं आहे, पाढ्यांसारखी. तो खेळच वेगळा, सेकंदांचा. पण हे कोडं मुळात आलं कुठून? बुडापेस्टमध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रूबिकनं १९७४ मध्ये ते बनवलं, तेव्हा घोकायला सूत्र नव्हतंच. स्वतःचाच क्यूब पूर्ववत करायला त्याला महिनाभर लागला. अनवट कोडी जमवणारा नेमका त्या महिन्याच्या शोधात असतो. त्यासाठी एक युक्ती मात्र सगळीकडे चालते. दोन हालचाली अशा शोधायच्या की दोन्हींच्या वाटेत एकच तुकडा सामाईक असेल. पहिली करा, दुसरी करा, मग पहिली उलटी, दुसरी उलटी. बाकी सगळं जागेवर परततं आणि फक्त तीन तुकडे आपापसांत जागा बदलतात. तत्त्व दोन ओळींचं. पण अनोळखी कोड्यावर त्या दोन हालचाली कोणत्या, हे कुणी सांगत नाही. कागदावर खुणा करत बसावं लागतं. माझ्या वहीत एका कोड्याची अकरा पानं आहेत, त्यातली नऊ खोडलेली.

२० चालींचं थोडक्यात. ते सिद्ध झालं २०१० मध्ये, आणि ते फक्त थ्री बाय थ्रीपुरतं आहे. त्याच्या ४३ वर १८ शून्यं मांडावीत इतक्या रचना. त्या निकाली काढायला सुमारे ३५ वर्षांचा संगणकवेळ लागला, अनेक संगणकांवर वाटून. अर्ध्या फेऱ्याला एकाऐवजी दोन चाली धरलं तर आकडा २६ होतो. फोर बाय फोरचा असा नेमका आकडा अजून सिद्ध झालेला नाही. आणि ॲपला फोटो दाखवायचं म्हणाल तर मिरर क्यूबचा काढून बघा. सहाही बाजू चंदेरी.

मिजाशीचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण तो उलटा आहे. ऑस्कर व्हॅन डेव्हेंटर या डच रचनाकाराचा गिअर क्यूब पाहिलात तर धडकी भरते: कडेचे तुकडे म्हणजे दातेरी चाकं, एक बाजू फिरवली की शेजारची चाकं आपोआप गरगरतात. पाहुणे हमखास तोच उचलतात आणि लगेच ठेवून देतात. त्याच्या रचना किती? ४१,४७२. दिसायला बापुडा असलेला टू बाय टू ३६,७४,१६० रचना बाळगून आहे. गिअर क्यूब सोडवून मिजास करणारा फसवतोय. पण ते ओळखायला आधी तो कधीतरी सोडवलेला असावा लागतो. उलट व्हॉइड क्यूब, ज्याच्या मध्यभागी आरपार भोक आहे, साधासुधा वाटतो. मधले तुकडेच नाहीत, म्हणजे कोणती बाजू कोणत्या रंगाची हे तुम्ही अंदाजानं ठरवता. अंदाज चुकला की शेवटी दोनच तुकडे अदलाबदल झालेले उरतात, आणि मधला थर पाव फेरा फिरवून बरंचसं काम पुन्हा करावं लागतं. जपानच्या कात्सुहिको ओकामोतोनं तुकडे काढून कोडं वाढवलं, हे मला आजही थोडं चीड आणणारं वाटतं.

राहता राहिली धूळ. हो, बसते. दातेरी चाकांत तर फार बसते, रंगाचा मऊ ब्रश ठेवलाय त्यासाठी. काही कोडी एकदा सुटली आणि मी पुन्हा हात लावला नाही, हेही खरं. पण खालच्या कप्प्यात एक हेलिकॉप्टर क्यूब आहे. त्याच्या कडा फिरतात, बाजू नाही. कड पूर्ण अर्धा फेरा न फिरवता साधारण ७० अंशांवर थांबवली की भलतेच काप एका रेषेत येतात, पुढची कड फिरते, आणि घनाचा काटेरी गोळा होतो. तो गोळा पावणेदोन वर्षं तसाच आहे. परवा ब्रश फिरवताना एक कड हलली, आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.