आधी आवाज द्यायचा असतो

आज सकाळी चर्चगेट लोकलमध्ये शेजारचा माणूस मित्राला तो व्हिडिओ दाखवत होता, अमेरिकी लष्कराने ड्रग्ज नेते म्हणून कॅरिबियन समुद्रात बोट उडवल्याचा. "असं पाहिजे! आपल्याकडे नुसतं कोर्ट-कोर्ट." अंधेरीपासून दादरपर्यंत मी गप्प बसलो. त्याचाच राग येतोय, म्हणून लिहितोय.

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. १९९३च्या स्फोटांनंतर मी पंधरा वर्षांचा असताना बाबांबरोबर होडीवर होतो. बॅटरी गेलेली, दिवा नाही. रात्री अचानक डोळ्यांवर झोत आला. मग भोंगा. मग कर्ण्यावरून "होडी थांबवा!" इंजिनाच्या आवाजात बाबांना काही ऐकू गेलं नाही. तेव्हा कुठे आमच्या नाळेपुढे, म्हणजे होडीच्या टोकापुढे, पाण्यात एक गोळी आली. बाबांनी इंजिन बंद करून हात वर केले. गस्तवाल्यांनी कागद बघितले, मासळीच्या टोपल्या उपसल्या आणि सोडून दिलं. परत येताना बाबा म्हणाले, "पयले आवाज द्यायचा. दर्याचा कायदा हाय."

बाबा सातवी शिकलेले. पण १९९९ मध्ये हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणाने हेच सांगितलं. गिनीच्या गस्ती नौकेने 'सायगा' या तेलवाहू जहाजावर गोळ्या झाडल्या होत्या. निकाल असा की बळ शक्यतो वापरूच नये. वापरावंच लागलं तर आधी दिसेल किंवा ऐकू येईल असा इशारा, मग नाळेपुढून गोळी, आणि अगदी शेवटी बळ, तेही बजावून आणि कुणाचा जीव जाऊ नये यासाठी सगळं करून. आमच्या होडीवर त्या रात्री याच क्रमाने झालं होतं!

आणि तिकडे? २ सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच हल्ल्यात अकरा जण मारले, असं खुद्द ट्रम्प यांनी सांगितलं. अमेरिका म्हणते हे युद्ध आहे. कसलं युद्ध? कागद कुणी बघितले? टोपल्या कुणी उपसल्या?

हो, दर्यातून आलेलं मरण या शहराने २६/११ला पाहिलंय. अतिरेक्यांनी पळवलेल्या 'कुबेर' या मासेमारी होडीच्या तांडेलाचाही जीव त्यांनीच घेतला. समोरून गोळी आली तर गस्तवाल्याने गोळीनेच उत्तर द्यावं, एवढं मान्य.

पण नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' या मासेमारी होडीवर पाकिस्तानी गस्तवाल्यांच्या गोळीने गेला तो पालघरच्या वडराईचा खलाशी. मासे धरायला गेलेला माणूस! १९८२चा समुद्र कायद्याचा करार दोन्ही देशांनी मान्य केलाय. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक पट्ट्यात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षासुद्धा देता येत नाही, असं त्याचं ७३वं कलम सांगतं. मग गोळी कुठल्या कलमात बसते? आपणही त्यांचे मच्छीमार महिनोन् महिने कोंडून ठेवतो, तेही चूकच.

त्या रात्री गोळीने उडालेलं पाणी माझ्या तोंडावर आलं होतं. बंदूक ज्याच्या हातात होती त्याला बिनदिव्याची, न थांबणारी होडी दिसत होती. भीती त्यालाही वाटली असणार. त्याने नेम पाण्यावर धरला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. आज दादरला उतरताना त्याची फार आठवण आली.