स्टॅबिलायझर आणण्याआधी मॉनिटरचा मेनू उघडा

नमस्कार.

घरच्या मॉनिटरची फडफड कशी शोधावी या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि थोडं रागानंच लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लेखात व्होल्टेजचं नावही नाही. तालुक्याच्या गावात संध्याकाळी दिवे मंदावतात तेव्हाच स्क्रीन फडफडते, शेजारचा पाण्याचा पंप सुरू झाला की ती क्षणभर काळी पडते, मग केबल आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तपासत बसण्यात काय अर्थ? चांगला स्टॅबिलायझर लावला की विषय संपला. शिवाय आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगला असेल तर नवा वीस रुपयांत मिळतो, तो घरी बदलण्याची कृती मी द्यायला हवी होती.

व्होल्टेजपासून सुरुवात करतो. मॉनिटरच्या पाठीवरचं किंवा त्याच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. आतला एसएमपीएस, म्हणजे वीज बदलून देणारा पॉवर सप्लाय, या सगळ्या पट्ट्यात पॅनेलला तेच ठरावीक डीसी व्होल्टेज देत राहतो. तुमच्याकडे २३० चे १७० झाले तर बल्ब मंदावेल, पंखा रेंगाळेल, पण धडधाकट मॉनिटरला ते जाणवायला नको. स्टॅबिलायझर पाहिजेच ही समजूत ट्यूबच्या टीव्हीच्या काळातली आहे. तेव्हा व्होल्टेज पडला की चित्र खरोखर आक्रसायचं. आज रिलेचा साधा स्टॅबिलायझर टकटक करत टप्पा बदलतो, तेव्हा उलट तोच क्षणभर पुरवठा तोडतो. न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास शिरण्याचा धोका मात्र खरा आहे. त्यासाठी व्होल्टेज वाढताच पुरवठा बंद करणारं उपकरण जरूर बसवा, सगळं घर वाचेल. फडफडीवरचा इलाज म्हणून त्यावर पैसे घालू नका.

मग ती संध्याकाळीच का फडफडते? संध्याकाळी व्होल्टेजबरोबर आणखी दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे खोलीतला दिवा लागतो. स्वस्तातल्या एलईडी बल्बमधलं सर्किट कमी व्होल्टेजला लुकलुकायला लागतो आणि ते लुकलुकणं समोरच्या स्क्रीनवर पडतं. दिवा बंद करून पाहा. दुसरं, अंधार पडला की आपण मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवतो. अनेक मॉनिटर, विशेषतः जुने एलईडी, प्रकाश कमी करण्यासाठी मागचा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. काहींच्या डोळ्यांना ते टोचतं, डोकं दुखतं. ब्राइटनेस पूर्ण १०० वर नेला आणि फडफड गेली, तर व्होल्टेज निर्दोष आहे. मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरला तर ब्राइटनेस कमी असताना पट्टे सरकताना दिसतील आणि १०० वर ते नाहीसे होतील.

पंपाचं प्रकरण वेगळं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेतला तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. पंप, फ्रिज, मिक्सर सुरू होताना स्विचच्या किंवा रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते, तिचा गोंगाट वायरींमधून आणि हवेतून पसरतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल तो उचलते, कॉम्प्युटर आणि मॉनिटरमधला दुवा तुटतो आणि पुन्हा जुळेपर्यंत एक-दोन सेकंद पडदा काळा राहतो. पूर्ण काळं होऊन परत येणं ही या दोषाची खूण. उंची कमी-जास्त होणाऱ्या गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठतानाही हेच घडू शकतं, कारण खुर्चीतून स्थिर विजेचा झटका सुटतो. अशा वेळी लांबलचक पातळ केबलऐवजी आखूड, चांगल्या आवरणाची केबल लावली की बहुधा निभावतं. फोर-के मॉनिटर एचडीएमआयवरून ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) चालवत असाल तर केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी हवी. जुनी केबल ३० हर्ट्झवर ठणठणीत चालते आणि ६० ला गडबडते.

याच्या मुळाशी बऱ्याचदा अर्थिंग असतं. गावांतच काय, शहरातल्या जुन्या चाळींतही सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्याच्यामागे वायरच नसते, किंवा टू-पिनचं कन्व्हर्टर लावून काम भागवलेलं असतं. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास येतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तो केबलच्या आवरणातून मॉनिटरकडे जातो आणि सगळा गोंगाट सोबत नेतो. म्हणून केबल काढताना-लावताना दोन्ही उपकरणांचे प्लग आधी काढा, नाहीतर पोर्ट जळू शकतो. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. स्टॅबिलायझरचे पैसे इथे खर्च करा, असं मी आग्रहानं सांगेन.

आता ज्या चाचणीला तुम्ही ‘पोरखेळ’ म्हणालात तिच्याबद्दल. फडफड चालू असताना मॉनिटरच्या बटणानं त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर आतल्या आत काढतो, कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नसतो. मागचं चित्र हलतंय आणि मेनू स्थिर आहे, तर दोष सिग्नलच्या वाटेवर : केबल, ग्राफिक्स कार्ड, रिफ्रेश रेट, ड्रायव्हर. मेनूही फडफडतोय, तर मॉनिटर किंवा त्याचा वीजपुरवठा. पूर्ण पडदा काळा होत असेल तर मेनूही दिसणार नाही. मग बॅटरीवर चालणारा लॅपटॉप त्याच केबलनं जोडा आणि पंप सुरू होण्याची वाट पाहा. पडदा टिकला तर संशय कॉम्प्युटरवर आणि त्याच्या अर्थिंगवर. यात एक रुपया खर्च होत नाही, आणि कुणी ‘पॅनेल गेलं’ म्हणून नवीन मॉनिटर गळ्यात मारत असेल तर त्याला विचारायला तुमच्या हाती ठोस प्रश्न येतो.

ड्रायव्हरचं एका ओळीत : विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, बाकी सगळं फडफडत असताना तो स्थिर राहिला तर एखादं अ‍ॅप दोषी, तोही फडफडला तर ड्रायव्हर.

राहिला कपॅसिटर. तुमचं निदान बरोबर असू शकतं. मॉनिटर थंड असताना सुरुवातीला फडफडतो आणि गरम झाल्यावर स्थिरावतो, हे थकलेल्या कपॅसिटरचं नेहमीचं लक्षण. पण कृती मी देणार नाही. पॉवर सप्लाय आत असलेल्या मॉनिटरमध्ये मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही तो भार टिकून राहू शकतो. ट्यूबच्या बॅकलाइटचा जुना मॉनिटर असेल तर ती ट्यूब पेटवायला हजार व्होल्टच्या वर लागतात. लेख वाचून स्क्रू ड्रायव्हर हातात घेणाऱ्यांत शाळकरी मुलंही असतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे पॉवर बोर्ड घेऊन जाण्यात कमीपणा नाही, तो हे काम रोज करतो. तुमच्या मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर असेल तर मात्र घरीच तपासता येईल : तेवढ्याच व्होल्टचा, तीच पिन आणि पोलॅरिटी (प्लस-मायनसची मांडणी) असलेला, निदान तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा दुसरा अडॅप्टर मागून आणा. मरणाऱ्या अडॅप्टरमुळे फडफडणारे मॉनिटर खूप असतात.

आज संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा, ब्राइटनेस १०० वर न्या, मेनू उघडा ठेवा आणि पंप सुरू होऊ द्या. मेनू हलला का, पडदा काळा पडला का, पत्र्याला झिणझिण्या आहेत का आणि पाठीवरच्या लेबलवर काय छापलंय, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.