भोस्ते घाटात अडकलेल्या डिझायरबद्दल

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आज सकाळी तुमच्या गाडीची फाइल समोर घेऊन पुन्हा वाचला. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून जुनी गाडी घेऊन महिना झाला नाही तोच गणपतीला गावी जाताना भोस्ते घाटात क्लच गेला आणि टोचन करून गाडी खेडला आणावी लागली. आमच्या दुकानातल्या मुलाने फोनवर ‘क्लच वॉरंटीत बसत नाही’ म्हणत हात झटकले. आरसी अजून नावावर नाही. मीटर मागे फिरवलेलं असणार. आणि त्याच पैशात मोठी सेडान मिळत असताना मीच तुम्हाला ती घेऊ दिली नाही.

क्लच, फोनवरचं उत्तर आणि आरसी, या तिन्ही चुका आमच्या आहेत. मीटरचा आरोप मला मान्य नाही. आणि त्या मोठ्या गाडीबद्दल उद्या पुन्हा विचारलंत तरी मी नकोच म्हणेन.

आधी क्लच. आमची ट्रायल म्हणजे भांडुपहून एलबीएस मार्गाने मुलुंड चेकनाका आणि परत. त्या रस्त्यावर दिवसा गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, चढ नाही, गाडीत माणसं दोन. क्लच प्लेट झिजत आली असली तरी अशा ठिकाणी कळत नाही. पाच माणसं, भरलेली डिकी, एसी चालू आणि समोर घाट, असं असलं की इंजिनचा आवाज चढत जातो, वेग मात्र वाढत नाही, आणि मग तो जळका वास येतो. तुमच्या मिस्टरांनी फोनवर अगदी हेच सांगितलं. खरं तर हे दुकानाच्या दारातही तपासता येतं. हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि ते आम्ही तुमच्या गाडीवर केलं नाही. मी स्वतः गॅरेजमध्ये हात काळे करून इथवर आलोय, त्यामुळे याला माझ्याकडे सबब नाही.

आमच्या कागदात सहा महिन्यांची हमी इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे. क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी त्यात नाहीत, आणि तुमची त्यावर सही आहे. पण जी वस्तू आम्ही नीट तपासलीच नाही तिच्यासाठी तो कागद पुढे करणं बरोबर नाही. घाटात म्हातारं माणूस गाडीत बसलेलं असताना तर नाहीच. खेडच्या गॅरेजचे 9,400 आणि टोचनचे 3,000, असे 12,400 रुपये मी देतोय. फोनवर बोललेल्या मुलाला मी समोर बसवून समजावलंय. आधी ‘तुम्ही सुखरूप आहात ना’ हे विचारायला हवं होतं.

आता मीटर. खेडच्या मेकॅनिकने तुम्हाला सांगितलं की 58,000 ला क्लच जात नाही, म्हणजे मीटर फिरवलेलं आहे. हायवेवर चालणाऱ्या गाडीबद्दल त्याचं बरोबर आहे. पण ही 2016 ची गाडी नऊ वर्षांत 58,000 चालली, म्हणजे दिवसाला अठराएक किलोमीटर, आणि आधीच्या मालकांचा रोजचा रस्ता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. तिथे संध्याकाळी तासभर हाफ क्लचवर पाय असतो. किलोमीटर थोडे पडतात, प्लेट मात्र झिजतच राहते. माझ्या शब्दावर जाऊ नका. कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर द्या. कंपनीकडे झालेल्या प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचं मीटर त्यांच्याकडे असतं. आमच्या फाइलमधला उतारा तुम्हाला दिलेला आहे, तो ताडून पाहा. एक आकडा जरी मागे गेलेला दिसला तर गाडी परत आणा, मी पूर्ण पैसे देईन.

आणि ती मोठी गाडी. तुमचं बजेट साडेचार लाख, महिन्याचं फिरणं पाचशे किलोमीटर, सासूबाईंचे गुडघे दुखतात. एवढ्यात तुम्हाला दुसऱ्या एका विक्रेत्याकडे लांब, चकचकीत सेडान दिसली आणि तुम्ही मला ती बघायला बोलावलंत. मी आलो. आठवतंय का, मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला होता. वरचा पट्टा काळाभोर आणि शेवटचा वीतभर भाग मातकट, हाताला खरखरीत. मग सीटखाली बोट घातलं तर सरकपट्टीवर गंजाची भुकटी. अकरा वर्षांच्या गाडीत कार्पेट मात्र कोरं करकरीत, आणि परफ्यूमचा वास इतका की तुमच्या मुलीने नाक धरलं. ती गाडी पाण्यात उभी राहिलेली होती.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी कलिन्याच्या एका गॅरेजमध्ये मदतनीस होतो. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही गाड्यांतला गाळ काढत होतो. धुतल्या, वाळवल्या, ऑइल बदललं, चालू झाल्या, लोक खूश होऊन घेऊन गेले. दिवाळीपर्यंत त्यातल्या कितीतरी परत आल्या. कुणाची काच खाली जात नाही, कुणाची गाडी सिग्नलला बंद पडते. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी आतून हिरवा गंज धरतं आणि तो दोष कधी, कुठे उभा राहील हे कुणीच सांगू शकत नाही. गेलेला क्लच एका दिवसात नवा होतो, पण बुडलेलं वायरिंग वर्षभर घर धुऊन नेतं. म्हणून मी तुम्हाला साधी पेट्रोल डिझायर घ्या म्हटलं. डिकी लहान आहे, 316 लिटरची. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी लागतो म्हणून ती मागून आखूड केलेली. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. सीएनजी किट नको म्हटलं तेही याच कारणाने, टाकी बसली की गावाचं सामान ठेवणार कुठे?

सगळ्यात जास्त मला आरसीचं लागलंय. आधीच्या मालकांचं कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवरची एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरलेली नव्हती. बँकेची एनओसी आठ दिवसांत येईल म्हणून मी गाडी तुमच्या ताब्यात दिली आणि एनओसीला महिना लागला. आरसी अडकली म्हणून विमाही तुमच्या नावावर झाला नाही. घाटात क्लचऐवजी गाडी ठोकली गेली असती तर दुरुस्तीचा क्लेम अडकला असता. एनओसी आता आली आहे. एचपी उतरवायचा फॉर्म 35 आणि ट्रान्सफरचे 29 व 30 भरून झालेत. अर्ज क्रमांक तुमच्या मोबाइलवर पाठवलाय, परिवहनच्या साइटवर टाकलात की कागद कुठवर पोचलाय ते दिसेल. इथून पुढे एचपी उतरल्याशिवाय एकही गाडी दुकानात विक्रीला लावणार नाही. आणि आता प्रत्येक गाडी चार माणसं घेऊन घोडबंदरच्या गायमुख घाटावर चढवून आणतो.

खेडच्या बिलाचा फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत पैसे तुमच्या खात्यात येतील. मूळ बिल मात्र तुमच्याकडेच ठेवा, नव्या क्लच सेटची हमी त्यावरच मिळते.